पेंढा जळला नव्हता

मी ज्या माणसाचा सगळ्यात जास्त ऋणी आहे, तो माणूस म्हणजे माझ्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाई. आईवडिलांचं देणं वेगळं, त्याबद्दल कोणी बोलत नाही. पण मी पदवीधर झालो, आमच्या घरातला पहिला, तो बाईंमुळे.

दहावी झाल्यावर मला मुंबईला एका ओळखीच्या हॉटेलात कामाला पाठवायचं ठरलं होतं. पिशवीसुद्धा भरून झाली होती. ते कळल्यावर बाई श्रीवर्धनहून एसटीने आल्या, फाट्यावरून आमच्या गावापर्यंत उन्हात चालल्या आणि आमच्या ओट्यावर बसून कोरा चहा प्यायल्या. मग आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, म्हणाल्या, "ह्याला दोन वर्षं मला द्या. नंतर तुम्हाला वाटलं तर खुशाल पाठवा हॉटेलात." आबांना नाही म्हणता आलं नाही. पुढची दोन वर्षं मी बाईंच्या घरी, पडवीतल्या खोलीत राहिलो. अकरावी-बारावी तिथेच झाली.

बाईंनी शिकवलेलं बरंच काही मी विसरलो असेन. एक मात्र विसरलो नाही. प्रयोगवहीत त्या पानाच्या मधोमध आडवी रेघ मारायला लावायच्या. वर लिहायचं दिसलं ते, खाली लिहायचं वाटलं ते. एकदा मी पाण्याचा उत्कलनबिंदू शंभर लिहिला. थर्मामीटर अठ्ठ्याण्णवच्या पुढे गेलाच नव्हता. बाईंनी वही परत माझ्यापुढे सरकवली. "पुस्तकात काय आहे ते मला पाठ आहे. थर्मामीटरने तुला काय सांगितलं ते लिही." मी त्या दिवशी तीन वेळा पाणी उकळलं.

निवृत्तीनंतर बाई लेकीकडे पुण्याला गेल्या. मी तालुक्याच्या कॉलेजात प्रयोगशाळा सहाय्यक म्हणून लागलो. आमच्या गावाशी बाईंचं नातं राहिलं ते एका वाडीपुरतं. त्यांच्या सासरची काजू-आंब्याची वाडी आमच्या शेताला लागून आहे. हद्दीवर चुना लावलेले दगड आहेत, ते आबांनीच तरुणपणी बाईंच्या सासऱ्यांसोबत पुरले होते. वाडीत राखणीला एक कातकरी जोडपं राहतं. दरवर्षी मे महिन्यात बाई यायच्या, त्या वाडीतल्या जुन्या आंब्याखाली खुर्ची टाकून बसायच्या, आणि आबा त्यांना पहिला पिकलेला फणस नेऊन द्यायचे.

ज्या संध्याकाळबद्दल मला लिहायचं आहे, ती चैत्रातली होती. शनिवार असल्यामुळे मी गावी आलो होतो. आबा राबावर गेले होते.

ज्यांना राब माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पावसाळ्यात भाताचं रोप ज्या तुकड्यात टाकायचं, ती जमीन आमच्याकडे उन्हाळ्यात भाजून घेतात. शेण, झाडाच्या फांद्या, पातेरा, गवत असे थर रचायचे, वरून माती पसरायची आणि वाऱ्याच्या उलट बाजूने पेटवायचं, म्हणजे आग हळूहळू सरकते. ह्याचा एकच कायदा. ज्याने काडी लावली त्याने राख हाताला गार लागेपर्यंत जागचं हलायचं नाही. शेजारी पाण्याची कळशी आणि हातात हिरवा डहाळा, ठिणगी उडाली की झोडपायला. आबांनी चाळीसेक वर्षं राब भाजले. त्यांच्या राबाची ठिणगी कधी दुसऱ्याच्या बांधावर गेली नव्हती.

सूर्य नुकताच बुडाला होता. मी अंगणात पाय धूत होतो. एकदम सगळं अंगण पांढरं झालं. वर पाहिलं तर समुद्राच्या बाजूने एक आगीचा गोळा डोंगराकडे जात होता. माझी सावली माझ्यापुढून फिरून मागे गेली. दोन-चार सेकंदांत तो फुटला, विझला आणि मागे धुराची जाड पांढरी रेघ राहिली. लोक घराघरांतून बाहेर आले. आमचं अंगण उंचावर असल्यामुळे बरेच जण तिथेच जमले. मग, जरा वेळाने, आवाज आला. सुरुंग लावल्यासारखे एकामागून एक तीन. कौलं खडखडली, म्हैस दावं तोडायला लागली. त्यानंतर मागच्या बाजूला काहीतरी धप्पकन पडलं. मला वाटलं, माडावरचा नारळ.

"इमान पडलं काय रं?"

"इमान कसलं, कंपनीत टाकी फुटली आसंल."

"आरं, आपल्यात शास्त्रज्ञ उभा हाय ना! बोल की रं मास्तर, काय व्हतं ह्ये?"

मी मास्तर नाही, पण गावात सगळे मला तेच म्हणतात, निम्मे कौतुकाने आणि निम्मे चेष्टेने. त्या दिवशी मात्र सगळे खरंच माझ्याकडे पाहत होते. मी म्हणालो, "उल्का." आणि बोलायला लागलो. उल्का म्हणजे काय, ती कुठून येते, उजेड आधी आणि आवाज नंतर का.

तेवढ्यात आबा धावत आले. धाप लागलेली, हातात हिरवा डहाळा तसाच. "घर हाय ना जागेवर? तुझी आय कुठं हाय?" आवाज आमच्या घराच्या बाजूने आल्यासारखा त्यांना वाटला होता. आई दारात दिसली तसा त्यांनी डहाळ्याच्याच हाताने कपाळाचा घाम पुसला. मग लगेच मागे वळले.

"जातो. राब पेटता हाय."

मी त्यांचा दंड धरला. "आबा, दोन मिनिटं थांबा. ती रेघ बघा, कशी वाकडी होत चाललीय. आयुष्यात परत दिसायची नाही."

ते थांबले. मुलगा सगळ्या गावाला काहीतरी समजावून सांगतोय आणि गाव ऐकतंय, हे त्यांना पाहायचं होतं. मी बोलत राहिलो. कोणी फोटो काढत होतं, कोणी मुंबईला फोन लावत होतं. मीही फोटो काढला. मग कोणीतरी खालच्या अंगाला बोट दाखवलं.

"ते काय रं? धूर कसला?"

बाईंच्या वाडीतून धूर येत होता. फोन हातातच होता, माझ्याकडून त्याचाही फोटो निघाला.

सगळे धावलो. जो तो हाताला लागेल तो डहाळा मोडून झोडपत होता, बाया विहिरीवरून कळशा आणत होत्या. वाळलेल्या गवतावर आग चालली की ती पळते. आबा सगळ्यांच्या पुढे होते. त्यांच्या भुवया जळाल्या. तासाभराने आग आटोक्यात आली तेव्हा काजूच्या चार ओळी गेल्या होत्या, फळावर असलेल्या, आणि तो जुना आंबा एका बाजूने काळा पडला होता. माणसाला इजा झाली नाही.

काळ्या तोंडाने सगळे बांधावर बसलेले असताना एक म्हातारे चुलते म्हणाले, "ताराच पडला वाडीत. दुसरं काय?" मग आबांकडे वळून, "तुजा राब व्हता ना रं पेटता?"

आबा म्हणाले, "राब कवाच विझला व्हता."

मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. मी काही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हशीला पेंढा काढायला गेलेल्या आईने हाक मारली. "अरे, उडवीला भोक कसलं पडलंय?" घरामागे पेंढ्याची उडवी रचलेली होती, पुरुषभर उंच. तिच्या माथ्यावर हात जाईल एवढं छिद्र होतं. मी शिडी लावून वर चढलो आणि खांद्यापर्यंत हात घातला. बोटांना जड, गार, गुळगुळीत असं काहीतरी लागलं.

तो दगड माझ्या तळहातावर आला तेव्हाचं मी खोटं लिहिणार नाही. पहिलं मिनिटभर मला फक्त आनंद झाला. नारळाच्या अर्ध्या करवंटीएवढा, तव्याच्या बुडासारखा काळा, एक कोपरा फुटलेला. फुटलेल्या जागी आत सिमेंटसारखा राखाडी रंग आणि बारीक चमकणारे कण. बाईंच्या पुस्तकातला दगड आमच्या उडवीत आला होता. आई म्हणाली, "आण, धुऊन देते, कुंकू लावू." मी म्हणालो, "पाणी लावू नकोस, आई. तसाच हवा." तिने पापडाचा स्टीलचा डबा रिकामा करून दिला. मी फोन काढला, बाईंना लावायला.

आणि मग माझं लक्ष शर्टाच्या बाहीला चिकटलेल्या पेंढ्याकडे गेलं. पिवळा, कोरडा, स्वच्छ. मी परत वर चढलो. छिद्राच्या तळाचा पेंढा मूठभर उपसून पाहिला. काडी मोडली होती, चेपली होती. जळलेली एकही नव्हती. करपलेलीसुद्धा नव्हती.

उल्का वरून येताना बाहेरून पेटते, पण शेवटचे काही मैल ती विझून नुसती पडते, त्यामुळे जमिनीवर येईपर्यंत आग लावण्याइतकी गरम राहत नाही. हे मला वाचून माहीत होतं. आता डोळ्यांसमोर होतं. ज्या दगडाने कोरडा ठणठणीत पेंढा पेटला नाही, त्याच्यासारख्या दुसऱ्या तुकड्याने वाडी पेटवली, असं म्हणायचं झालं तर ते कोणत्या तोंडाने? मी फोन खिशात ठेवला.

वाडीवर गेलो तर तिथे गर्दी होती. राखेत सापडलेला एक काळा दगड बांधावर ठेवून त्याला शेंदूर फासला होता, पुढे नारळ फोडला होता, उदबत्ती लावली होती. मी जवळ जाऊन वाकलो. दगडाच्या खालच्या अंगाला, जिथे आग पोचली नव्हती, तिथे पांढऱ्या चुन्याचा पट्टा होता. बाईंच्या हद्दीचा दगड होता तो.

"हात लावू नको रं मास्तर," चुलते म्हणाले. "आभाळातनं आलाय."

"आभाळात चुना लावतात का, काका?"

दोघं-तिघं हसले. चुलते हसले नाहीत. "तू चार बुकं शिकलास म्हणून देवाला चुना लावू नकोस."

मी आबांकडे पाहिलं. ते गर्दीच्या मागे उभे होते. तो दगड त्यांनी स्वतः पुरलेला होता. मला जे एका नजरेत ओळखू आलं ते त्यांना आलं नसेल, असं होणं शक्य नव्हतं. त्यांनी दगडाला हात जोडले आणि घरी निघून गेले.

दुपारी बाईंचाच फोन आला. गावातून कोणीतरी त्यांच्या दिरांना कळवलं होतं आणि दिरांकडून त्यांना सगळं कळलं होतं.

"उल्का पाहिलीस तू? खरंच पाहिलीस?" आधी त्यांनी हेच विचारलं. मी सांगितलं. त्या लहान मुलीसारख्या ऐकत होत्या. मग आवाज बदलला. "आता मला सांग, तिने वाडी पेटवली असं गाव म्हणतंय. तुला पटतं?"

"नाही, बाई."

"मलाही नाही. अरे, गारच पडते ती. म्हणजे आग माणसाच्या हातची. वाडीत चूल कोणाची पेटते? राखणदाराची. दीर म्हणतात, त्याची विडीही असते. माणूस वाईट नाही, पण गेल्या वर्षीसुद्धा मी त्याला चुलीभोवतीचं गवत काढायला सांगितलं होतं. उद्या संध्याकाळी दीर येतायत. तोपर्यंत त्याला खोपटं रिकामं करायला सांगितलंय."

मी म्हणालो, "बाई, एकदम..."

"म्हणूनच तुला फोन केलाय. दिरांचं मला पूर्ण पटत नाही आणि गावाचं तर नाहीच. तू जा. नीट बघ. आणि मला लिहून पाठव. फोनवर सांगू नकोस, फोनवर माणूस वाहवत जातो. तू जे लिहिशील ते मी मानीन. दिरांनाही तेच सांगितलंय."

मी "हो" म्हणालो. फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं की मी त्यांना दगड सापडल्याचं सांगितलंच नाही. ते सांगितलं असतं तर कुठे सापडला हेही सांगावं लागलं असतं.

मी वही घेऊन वाडीत गेलो. राखणदाराचं खोपटं वाडीच्या पूर्वेला, ओढ्याच्या कडेला आहे. आग पश्चिमेला. मध्ये तीस-चाळीस पावलं गवत होतं, पिवळं, उभं, न जळलेलं. चुलीभोवतीची जमीन सारवलेली. जळालेल्या काजूंची खोडं एकाच बाजूने काळी होती, पश्चिमेच्या. पश्चिमेला आमचं शेत. बांधावरचं गवत आमच्या बाजूने जळत आलं होतं आणि त्याची काळी वाट सरळ राबापर्यंत जात होती. शोधायला काही उरलंच नव्हतं. शाळेतल्या पोरालाही ती वाचता आली असती.

राखणदाराची बायको भांडी पोत्यात भरत होती. तिने मला बसायला गोणपाट टाकलं.

"चूल कधी पेटवली होती, मावशी?"

"सकाळच्याला. मंग बाजारात गेलो दोघंबी. आलो तवा आग बघतोय." ती पोत्याचं तोंड बांधत होती. "कोण इचारतंय? कालपासनं पेटवलीच न्हाय. पेटवली तर म्हणतील, बघा, पुन्यांदा पेटवली."

"कुठे जाणार?"

"बघू. ईटभट्टीवर."

मी घरी आलो आणि ओट्यावर बसून पत्र लिहिलं. चांगलं लिहिलं. खोपटं कुठे, आग कुठे, मधलं गवत न जळलेलं, खोडं कोणत्या बाजूने काळी, सगळं. चुलीमुळे आग लागलेली नाही असं स्पष्ट लिहिलं. खाली लिहिलं, "आगीचं नेमकं कारण निश्चित सांगता येत नाही." हे वाक्य लिहून मला हायसं वाटलं. राखणदार सुटत होता, आबा सुटत होते. त्यात खोटं काही नव्हतं, असं मी स्वतःला दोनदा सांगितलं.

तिसऱ्यांदा सांगायच्या आत राखणदार अंगणात आला. हातात आबांची कोयती होती, काजूखालचं गवत कापायला नेलेली. आबा खांबाला टेकून बसले होते.

"आबा, ही तुमची कोयती. उद्या जायचंय, म्हटलं राहून जायची."

"ठेव तिथं," आबा म्हणाले.

त्याने कोयती ओट्याच्या कडेला ठेवली, धार आत करून. जायला वळला आणि वळल्यावर, मागे न बघता, म्हणाला, "राब बाकी मस्त भाजलाय तुमचा आवंदा. रोप जोरात येईल."

तो टोमणा होता की नाही, मला आजही ठरवता येत नाही. त्याच्या आवाजात काहीच नव्हतं. तो फाटकातून बाहेर पडेपर्यंत आबा त्याच्या पाठीकडे बघत होते. आई दारात आली होती, तीही बघत होती.

मग आबा म्हणाले, "काय लिवलंस बाईंना? वाच."

मी वाचलं. आबा डोळे मिटून ऐकत होते. जळालेल्या भुवयांमुळे त्यांचा चेहरा ओळखू येत नव्हता. मी शेवटचं वाक्य वाचलं आणि वही मिटली.

"झालं?"

"हो."

"आनि मी कुठं हाय ह्याच्यात?"

मी मिटलेली वही परत उघडली.

"चाळीस वर्सं राब भाजला रं मी. एकदाबी उठलो न्हाय. बायको बाळंतीण व्हती तवाबी उठलो न्हाय, आय म्हणाली तू बस, मी बघते. आनि काल उठलो. आनि उठलो ते उठलो, वर सगळ्यांच्या म्होरं म्हणालो, कवाच विझला. त्या बाई ह्याच ओट्यावं बसल्या व्हत्या. इथंच. माजा पोरगा मागून न्हेला नि मानूस करून परत दिला. त्यांची वाडी जाळून मी चुन्याच्या दगडाला हात जोडतो?"

"आबा, तुम्ही घाबरून आला होतात. आईसाठी आलात."

"आलो ते बरूबर. मंग थांबलो कशाला?"

हे त्यांनी स्वतःला विचारलं होतं. पण उत्तर माझ्याकडे होतं, आणि ते त्यांना माहीत होतं. त्यांनी ते माझ्या तोंडावर म्हटलं नाही. नंतरही कधी म्हटलं नाही. माझ्या हाताला मात्र त्यांचा तो दंड आठवला, घामाने ओला, माझ्या मुठीतून हलकेच सुटू पाहणारा.

मी ते पान फाडलं. नवीन पानावर मधोमध आडवी रेघ मारली.

पत्र पोस्टाने जायला चार दिवस लागले असते, आणि बाईंचे दीर दुसऱ्या संध्याकाळी येणार होते. म्हणून मी पानांचे फोटो काढून बाईंना पाठवले आणि मूळ पत्र सोमवारी सकाळी पोस्टात टाकलं. त्यांनी उत्तरात काय लिहिलं ते माझ्यापाशीच राहू दे. वाडीत आजही तोच राखणदार आहे. उल्केचा दगड पुढे रीतसर सरकारी खात्याकडे गेला. बांधावरच्या दगडाला मात्र अजून कोणी ना कोणी शेंदूर लावतं. चुन्याचा पट्टा आता दिसत नाही.

पत्र असं होतं.

तीर्थस्वरूप बाईंना,
साष्टांग नमस्कार.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे आधी दिसलं ते लिहितो.

आग वाडीच्या पश्चिमेकडून आत गेली. काजूची खोडं त्याच बाजूने काळी आहेत. राखणदाराचं खोपटं पूर्वेला आहे. खोपटं आणि जळालेला भाग ह्यांच्यामध्ये तीस-चाळीस पावलं वाळलेलं गवत आहे, ते जळलेलं नाही. चुलीभोवती गवत नाही, जमीन सारवलेली आहे. सकाळी चूल पेटवून नंतर दोघं नवराबायको बाजारात गेली होती, असं बायको सांगते.

बांधावरचं गवत आमच्या शेताकडून जळत आलं आहे. ती काळी वाट आमच्या राबापाशी संपते, म्हणजे तिथून सुरू होते.

उल्केचा एक तुकडा आमच्या घरामागच्या पेंढ्याच्या उडवीत पडला. तो मी आज सकाळी काढला. धुतला नाही, शेंदूर लावू दिला नाही, कोरड्या डब्यात ठेवला आहे. ज्या पेंढ्यात तो पडला तो पेंढा जळलेला नाही. त्यातला मूठभर मी तुम्हाला दाखवायला वेगळा बांधून ठेवला आहे. वाडीत गाव ज्याला तारा म्हणतं आहे तो तुमच्या हद्दीचा दगड आहे.

राब आबांनी पेटवला होता. स्फोटाचा आवाज झाला तेव्हा ते तो पेटता सोडून घरी धावत आले, आईला काही झालं का ते बघायला. घरी आल्या आल्या ते परत निघाले होते. "राब पेटता आहे" असं ते म्हणाले, मी ऐकलं. मी त्यांचा दंड धरून त्यांना थांबवलं. मी लोकांना उल्केची माहिती सांगत होतो आणि मला वाटत होतं की आबांनी ती ऐकावी. माझ्या फोनमध्ये धुराच्या रेघेचा फोटो आहे आणि वाडीतल्या पहिल्या धुराचा फोटो आहे. दोन्हींच्या वेळेत एकवीस मिनिटांचं अंतर आहे. ती एकवीस मिनिटं राबाजवळ कोणी नव्हतं. मला ते माहीत होतं. मी बोलत होतो.

राब आधीच विझला होता असं आबा रात्री लोकांसमोर म्हणाले. ते खरं नव्हतं. मी शेजारी होतो आणि गप्प राहिलो. आज दुपारी तुमचा फोन आला तेव्हाही दगड सापडल्याचं मी तुम्हाला सांगितलं नाही, कारण तो कुठे सापडला हे सांगावं लागलं असतं.

―――――――――――――

आता वाटतं ते.

राखणदाराचा ह्यात काही दोष नाही. त्यांनी सामान बांधलं आहे आणि कालपासून चूल पेटवलेली नाही. उद्या संध्याकाळच्या आत तुम्ही त्यांना राहायला सांगावं. तुम्ही सांगितल्याशिवाय ते आमचं ऐकणार नाहीत.

आबा उद्या तुमच्या दिरांसमोर वाडीत उभे राहून हे स्वतःच्या तोंडाने सांगणार आहेत. गावालाही सांगणार आहेत. पावसात ते जळालेल्या ओळींत काजूची कलमं लावतील आणि तीन उन्हाळे पाणी घालतील. त्यांनी हे विचारून नाही, ठरवून सांगितलं आहे. आंब्याची पूर्वेची बाजू हिरवी आहे. तो जगेल असं वाटतं, पण हे रेघेच्या खालचं आहे.

तुम्ही माझ्यावर विश्वास टाकून मला बघायला सांगितलंत. ह्याआधी मी एक पत्र लिहिलं होतं. त्यात वरचं सगळं होतं, फक्त आबा आणि मी नव्हतो. ते मी फाडलं आहे. ते मी लिहिलं होतं, एवढं तुम्हाला माहीत असावं.

मे महिन्यात तुम्ही याल की नाही, हे विचारायची मला आज हिंमत नाही. फणस धरला आहे.

तुमचा विद्यार्थी

खाली आबांची सही आहे. मी सगळं वाचून दाखवल्यावर त्यांनी ती केली आहे.